लाभाच्या पाळण्याची कडी

१९५८. माघातला रविवार. धाकट्या जावेच्या मुलीचं बारसं.

हजर: सासूबाई, मी, नणंद, धाकटी जाऊ, मुलीला मांडीवर घेऊन, आळीतल्या बायका अकरा, त्यांतल्या दोन गाणाऱ्या. ओटीवर आमचे हे, भावजी आणि माझे दोन मुलगे. गैरहजर: जावेची आई. जाऊ लहान असतानाच ती गेली होती. म्हणूनच पहिलं बाळंतपण असूनही ते आपट्याला माहेरी न होता पनवेलला आमच्या घरी झालं.

ही यादी मी त्या दिवशी पानं वाढण्यासाठी केली होती. तिच्याखाली कामं लिहिली आहेत, सोळा. अकरावं काम असं: 'पाळणा माळ्यावरून काढणे, घासणे, टांगणे.' मला वह्या ठेवायची सवय आहे. घरात तिची चेष्टा होते, आणि काही सापडेनासं झालं की सगळे माझ्याकडेच येतात.

पाळण्याबद्दल आधी सांगते. माझ्या थोरल्याच्या वेळी, म्हणजे बारशाच्या आठ वर्षं आधी, तो सासूबाईंनी बाजारपेठेतल्या दुकानातून आणला होता. सागवानी, वर रंगीत लाकडी पोपट. चार कोपऱ्यांच्या चार साखळ्या वर एका कडीत जमायच्या आणि ती कडी तुळईच्या आकड्यात अडकवायची. सगळा भार त्या एका कडीवर. त्यात माझे दोघे झोपले, मग नणंदेचा मुलगा, मग शेजारची मुलगी. चारही जगली, धडधाकट निघाली. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. आळीत त्याला 'लाभाचा पाळणा' म्हणू लागले. कुणाला दिवस गेले की सातव्या महिन्यातच सासूबाईंकडे शब्द टाकला जायचा. सासूबाई लगेच हो म्हणायच्या नाहीत, दोन दिवस थांबवायच्या. पाळणा त्यांचा होता आणि त्याचा लाभही त्या स्वतःचाच समजत.

असा पाळणा कुणी तपासत नाही. लाभाच्या वस्तूत खोट शोधणं म्हणजे तिला नजर लावणं. शिवाय रिकामा पाळणा हलवायचा नसतो, हे तर लहान पोरीलाही माहीत असतं. तेव्हा पाळणा माळ्यावरून निघतो, घासला जातो, हळदकुंकू लागतं आणि त्याला पहिला झोका मिळतो तो थेट बारशालाच. आदल्या संध्याकाळी टांगून झाल्यावर मी म्हटलं होतं, "आई, तांदळाचं गाठोडं घालून दोन झोके देऊन बघू का? दोन वर्षं माळ्यावर पडून होता."

"झोके द्यायला घरात मूल आहे," सासूबाई म्हणाल्या. "गाठोडी झोपवायची असतील तर तुझ्या माहेरी नेऊन झोपव."

मी बाराव्या कामाला लागले.

बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा जातो. त्याला कुंची घालतात, काजळ लावतात, बाळासारखा नटवतात आणि पहिला मान त्याला देतात. आमच्याकडेही तसंच झालं. बायकांनी वरवंटा पाळण्याच्या वरून-खालून फिरवला, नणंदेने तो आत ठेवला आणि झोका दिला. दुसऱ्या झोक्याला वर काहीतरी कटकन वाजलं. दोन साखळ्या निसटल्या, पाळणा एका अंगावर आला आणि वरवंटा शहाबादी फरशीवर आपटला. फरशीचा टवका उडाला. जाऊ मुलीला घेऊन हातभर अंतरावर उभी होती. तिचाच नंबर पुढचा होता.

गाणं थांबलं. मग सासूबाई बोलल्या, आणि बाळाला लागलं का, हे त्यांनी विचारलं नाही.

"चार मुलं झोपली ह्यात. चार! कधी साखळी वाजली नाही. आणि हिची पाळी आली तर?" त्यांनी जावेकडे बोट केलं. "हा हिचा पायगुण. आईला गिळून बसली, पहिली मुलगीच घातली, आणि आता माझा लाभाचा पाळणा मोडला."

अकरा बायकांनी हे ऐकलं. बाळाचं नाव मांडीवरच ठेवलं गेलं. जाऊ रडली नाही. तिने मुलीची कुंची सारखी केली आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. मी काहीच बोलले नाही. पानं वाढायची होती, भात गार होत होता. हे कारण यादीत चालतं, एरवी चालत नाही.

संध्याकाळपर्यंत आळीभर झालं. दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्या बाईनेही विचारलं, "पाळणा मोडला म्हणं? तुमच्या धाकलीचा पाय बरा नाय का?" तिसऱ्या दिवशी जावेचा भाऊ भाचीला बघायला आपट्याहून आला. त्याला एस.टी.तून उतरल्याउतरल्याच कुणीतरी सांगितलं होतं. चपला न काढता तो ओटीवर उभा राहिला.

"आमच्या बहिणीला जे बोललात म्हणे, ते खरं का?"

"खरं तेच बोलले," सासूबाई म्हणाल्या.

"मग खरं कुठलं ते ठरेपर्यंत ती आमच्याकडे राहील."

भावजी खांबाला टेकून उभे होते. आईकडे बघत होते, मेव्हण्याकडे बघत होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "ऊन उतरल्यावर जा, बाळाला त्रास होईल." पंधराव्या दिवसाची बाळंतीण मुलीला घेऊन निघाली. दारात ती मला म्हणाली, "जाऊबाई, मी बारा दिवस त्या खोलीत होते. पाळण्याला माझा हातसुद्धा लागला नव्हता."

तिच्यावरचा हा डाग गेला नाही तर ती परत येणार नाही, हे मला तिथेच कळलं. आणि डाग जायचा तर पाळणा का पडला, हे कुणीतरी स्पष्ट म्हणायला हवं होतं.

मी कडी शोधली. पाळणा उतरवताना ती देवघराच्या उंबऱ्याशी घरंगळत गेली होती. उजेडात नेऊन बघितली. एखादी वस्तू झिजून तुटते तेव्हा ती आधी पातळ होते. विहिरीच्या रहाटाची कडी मी पाहिली आहे, ती एका अंगाने सुईसारखी होते. ही कडी सगळीकडे सारखीच जाड होती. ती तुटली नव्हती, उघडली होती. एकाच जागी तोंड वासलं होतं आणि त्या तोंडात काहीतरी राखाडी, मऊ, नखाने खरवडता येईल असं होतं. बाकी बाहेरून अजूनही आरशासारखी चकचकीत.

पत्र्याच्या डब्यातून मी पाळण्याची पावती काढली आणि बाजारात गेले.

दुकानदार गादीवर बसले होते. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. मला बघून हसले. "या वहिनी. काय, पुन्हा पाळणा?"

"पाळणा नको. ही कडी तुमच्या दुकानातली."

त्यांनी ती तळहातावर उडवून बघितली. "कधीचा पाळणा?"

"आठ वर्षांचा. ही पावती."

ते हसले ते कडीला नाही, पावतीला. "आठ वर्षं जपून ठेवलीत? वहिनी, एवढ्या दिवसांत मी दुकानाची पाटी दोनदा बदलली. आता कडीचं काय घेऊन बसलात! पाळणा मी विकला. झोके तुम्ही दिलेत."

"पाळण्याला झोके द्यायचे नाहीत तर काय त्यात लोणचं घालायचं?"

दुकानात उभं असलेलं एक गिऱ्हाईक हसलं. शेठचा चेहरा बदलला.

"किती मुलं झोपली ह्यात?"

"चार."

"सगळी घरचीच?"

"दोन घरची. एक नणंदेचा, एक शेजारची."

"म्हणजे एका घरासाठी दिलेला पाळणा गावभर फिरवलात, आणि मोडल्यावर माझ्या दारात! चार पोरं वाढवून म्हातारा झाला तो. म्हाताऱ्याची हमी कुणी देतं का?"

"झिजली असती तर पातळ झाली असती. बघा, जाडी जशीच्या तशी आहे. एकाच जागी उघडली."

"मी लोहार नाही." त्यांनी कडी माझ्याकडे सरकवली आणि आवाज खाली आणला, पण गिऱ्हाइकाला ऐकू जाईल एवढाच. "आणि वहिनी, घरातलं घरात मिटवा. ऐकलंय मी सगळं. सुनेच्या पायगुणाचं खापर दुकानावर कशाला फोडता?"

म्हणजे ते बाजारापर्यंत पोचलं होतं. पायऱ्या उतरताना माझे कान तापले होते. घरी सासूबाई म्हणत होत्या, चार मुलं झोपली म्हणून पाळण्यात खोट असूच शकत नाही. दुकानात शेठ म्हणत होते, चार मुलं झोपली म्हणून खोट असली तरी ती माझी नाही. पाळण्याच्या त्याच वयावर दोघंही सुटत होती, आणि जिने त्याला हात लावला नव्हता ती अडकत होती.

रात्री जेवताना मी यांना विचारलं. हे कचेरीत होते, रोज वकिलांशी गाठ पडायची. दुसऱ्या दिवशी उत्तर आणलं.

"वकील म्हणाले, कायदा आहे. ज्या कामासाठी वस्तू घेतली त्या कामाला ती लायक हवी. आत लपलेली खोट असेल तर विकणाऱ्याला हात झटकता येत नाहीत."

"मग?"

"मग आठ वर्षांनी कोर्टात गेलं की आधी मुदतीवर भांडण, नंतर कडीवर. तोवर बाळाचं लग्न होईल, म्हणाले. तुला भरपाई हवी आहे का?"

"नको. त्यांनी म्हणायला हवंय."

"काय?"

"की खोट कडीत होती."

हे भात कालवत राहिले. "दुकानदार तसं म्हणत नसतात."

"मग म्हणायला लावू."

पनवेलला गाड्यांची चाकं करणारे तेव्हा पुष्कळ होते. त्यांच्यातला एक लोहार शेठच्या दुकानासमोरच, रस्त्यापलीकडे, चाकांवर लोखंडी धावा चढवायचा. जासईकडचा माणूस. त्याने कडी हातात घेतली, उघडं तोंड डोळ्यांजवळ नेलं आणि थुंकला.

"वयनी, ही कडी जोडलेली नाय. चिकटवलेली हाय."

"म्हणजे?"

"लोखंड लाल करून ठोकलं ना, का येकजीव व्हतं. आमी धाव तशीच जोडतो. ह्यात कथील वतलंय नि वरून मुलामा. नथीवानी."

"अशी कडी किती दिवस टिकते?"

"टिकंल तवर टिकंल. पयल्याच पोराला सुटली असती तरी नवल नव्हतं."

पहिलं पोर म्हणजे माझा थोरला. सहा महिने तो त्यात झोपला होता आणि मी खाली बसून डाळ निवडत असे. मी भट्टीजवळच्या दगडावर टेकले.

"हे शेठना तुम्ही सांगाल का?"

"मी? मी सांगितलं तर तो म्हनंल, ह्याच्या कड्या मी बंद केल्या म्हनून बोंबलतोय. नि ते बी खरंच हाय. आदी माझ्याच कड्या न्यायचा. मंग मुंबैच्या चकचकीत आल्या." त्याने भात्याकडे मान वळवली. "मी कशाला सांगू? ही सांगंल. खरी कडी आगीत लाल व्हईल, पन तशीच ऱ्हाईल. ही लाल व्हायच्या आदी तोंड उघडंल."

"दुकानात तशा अजून टांगलेल्या आहेत."

तो पहिल्यांदा हसला. "मंग आना की येक. बाजाराच्या दिवशी आना."

बाजाराच्या दिवशी अकराच्या सुमारास मी पुन्हा दुकानात गेले आणि जुनी कडी पुढे धरून म्हटलं, "हिच्याच जोडीची द्या." शेठना वाटलं, मी हार मानली. त्यांनी स्वतः उठून खुंटीवरून कडी काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि म्हणाले, "अशी समजूतदार गिऱ्हाइकं हवीत. आता आणखी आठ वर्षं बघायला नको."

मी रस्ता ओलांडला. लोहाराने माझी नवी कडी आणि त्याच्या हातची एक काळी कडी, दोन्ही शेजारी-शेजारी निखाऱ्यांत ठेवल्या. त्याने भाता ओढायला सुरुवात केली तेव्हा चार माणसं बघत होती. भाजीच्या पाट्या घेऊन आलेल्या बायका थांबल्या, गाडीवाले थांबले, दहा-पंधराजण झाले. काळी कडी हळूहळू तांबडी होत होती. चकचकीत कडीवरचा मुलामा आधी काळवंडला, मग फुगला. आणि लोखंडाला अजून रंगही चढला नव्हता तेव्हा तिच्या एका जागेतून पाण्यासारखा थेंब गळाला आणि कडीने तोंड उघडलं. लोहाराने ती सांडशीने वर धरली.

शेठ पायऱ्या उतरून आले. "काय तमाशा लावलाय? आगीत घातल्यावर काय होणार? घरात पाळणा आगीवर टांगता का?"

"दोन्ही त्याच आगीत आहेत," मी म्हटलं. "त्याची बघा."

"हा तर बोलणारच. त्याचा माल मी बंद केला."

"आरं मी कुटं काय बोललो?" लोहार म्हणाला. "मी भाता वडतोय." बायका हसल्या.

शेठनी माझ्याकडे मोर्चा वळवला. हुशार माणूस होता, त्यात वाद नाही. "बरं वहिनी, पाळणा टांगायच्या आधी घासता ना तुम्ही?"

"घासतो."

"कुणी घासला?"

"मी."

"मग तुमच्या डोळ्यांना काही दिसलं नाही?"

दिसलं होतं. हे मी तोपर्यंत यांनाही सांगितलं नव्हतं. चिंचेने कडी घासताना तिच्यावर एक फिकट आडवी रेघ दिसली होती, केसाएवढी. ओरखडा असेल म्हणून मी पुसून पुढे गेले होते.

"दिसली होती," मी म्हटलं. "एक रेघ. मला ओरखडा वाटला."

शेठनी दोन्ही हात पसरले आणि लोकांकडे वळले. "ऐकलंत? रेघ दिसली, तरी टांगला! आता सांगा, चूक कुणाची?"

लोहाराने भाता सोडला.

"माझीही," मी म्हटलं. "म्हणून तर मी इथे उन्हात उभी आहे. तुमची कडी कच्ची आणि माझं दुर्लक्ष. आता ह्या दोन्हींच्या मध्ये माझ्या जावेचे पाय कुठे आले, ते दाखवा. तुम्हीच म्हणालात ना, सुनेचा पायगुण? ही कडी तर तुमच्या खुंटीवरून आत्ता काढली. हिला कुठल्या सुनेचा पाय लागला?"

शेठ काही बोलायच्या आत गर्दीतली एक म्हातारी पुढे आली. सुकापूरची, डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी. तिने सांडशीतली कडी नीट बघितली.

"शेट, दिवालीला तुमच्याकडनं पालना नेलाय नातवाला. त्याला बी हीच कडी हाय का?"

शेठनी दुकानाकडे मान वळवली. म्हातारीने पाटी तिथेच जमिनीवर ठेवली. "मी इचारते हीच हाय का? पोर हाय त्यात आत्ता! निजवून आलेय मी!"

तिचा आवाज चढला तसे शेठ खाली बसल्यासारखे झाले, उभ्याउभ्याच. "मुंबईहून माल येतो," ते म्हणाले. "प्रत्येक कडी काय फोडून बघायची मी?"

"फोडू नका," मी म्हटलं. "ठोकलेली घ्या."

म्हातारी थांबली नाही. लोहाराची काळी कडी पाण्यात विझवून घेतली, पदरात बांधली आणि शेंगा तिथेच टाकून सुकापूरच्या रस्त्याला लागली. शेंगा भाजीवालीने बाजूला ठेवल्या. त्यानंतर शेठना लिहून देण्यावाचून गत नव्हती, कारण मी दुकानात जाऊन बसले आणि बाहेरचे लोक हलत नव्हते. पावतीच्याच पाठीवर त्यांनी लिहिलं: 'आमच्याकडील पाळण्याच्या कडीचा जोड मुळात कच्चा होता. पाळणा वापरणाऱ्यांपैकी कुणाचा दोष नाही.' शेवटचं वाक्य मी सांगून घालायला लावलं. मला ते मागच्या साठ्यातल्या दोन ठोकलेल्या कड्या देऊ लागले.

"कड्या मी लोहाराकडून घेईन. सही करा."

सही करून त्यांनी कागद माझ्याकडे फेकला. "पुन्हा ह्या दुकानाची पायरी चढू नका."

"पाळणे पुरे झालेत आम्हाला," मी म्हटलं आणि उतरले. मागे खुंटीवरच्या कड्या टोपलीत टाकल्याचा आवाज आला. त्या कुठे गेल्या, ते मला कळलं नाही.

घरी सासूबाईंनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"म्हणजे आता दोष माझा," त्या म्हणाल्या. "पाळणा मी आणला होता."

"तसं कुणी म्हटलं नाही, आई."

"काळी कडी दाखवली होती त्याने तेव्हा. मीच म्हटलं, चकचकीत दे. नातवाचा पाळणा तो." हे त्या कागदाकडे बघून म्हणाल्या. मग मान वर केली आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "तुला रेघ दिसली होती म्हणे?"

"दिसली होती."

"मग दोष तुझा!"

"माझा धरा. चार बायकांत सांगा. पण आता दुसरं काही सांगू नका."

त्यांनी ते मनापासून केलं. पुढे कित्येक महिने हळदीकुंकू असो, पापड लाटणं असो, आमची थोरली वह्या लिहिते पण तिला डोळ्यांपुढचं दिसत नाही, ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली जायची. मला ती चालली. पायगुणाचं नाव आळीतून गेलं. नवीन कडी लावून पाळणा पुन्हा टांगला तेव्हा मी त्यात पायलीभर तांदळाचं गाठोडं घातलं आणि भरदुपारी वीस झोके दिले. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. माहेरचा उल्लेख झाला नाही.

तो कागद मी भावजींबरोबर आपट्याला पाठवला. सोबत चिठ्ठी लिहिली, रेघेचंही लिहिलं, काही राखलं नाही. चार दिवसांनी जावेचं उत्तर आलं. अक्षर मुलांच्या पाटीवरच्यासारखं, गोल.

'जाऊबाईंस नमस्कार. कागद मिळाला. दादाने दोनदा वाचून दाखवला. तुम्ही माझ्यासाठी बाजारात उभ्या राहिलात, हे मी विसरणार नाही. रेघेचं मनात आणू नका. पण कागदावर शेठ बोलले आहेत. मला शेठ बोलले नव्हते. ज्यांनी म्हटलं त्यांनी येऊन म्हणावं, मी त्याच एस.टी.ने परत येईन.'

मी उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बघू शिमगा झाल्यावर." शिमगा झाला. मग उन्हाळा सोसवत नव्हता, मग पाताळगंगेला पाणी होतं, मग नणंदेकडचं लग्न. नाही असं त्यांनी एकदाही म्हटलेलं नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. भावजी वर्षभर शनिवार-रविवार जाऊन-येऊन राहिले आणि दुसऱ्या वर्षी त्यांनी आपट्यालाच बिऱ्हाड केलं. मुलगी आता पाचवीत आहे. मी तिला परकर-पोलकं नेऊन देते. आजी कशी दिसते, असं ती मागच्या खेपेला विचारत होती. आजी चौदा मैलांवर आहे.

गेल्या सोमवारी मी पुन्हा विषय काढला. सासूबाईंना आता सत्त्याहत्तर पुरी होतील, गुडघे धरतात. त्या म्हणाल्या, "तू जातेस ना, तूच सांग माझ्या वतीने."

"माझ्या तोंडून कळलंय तिला, आई. दहा वर्षं झाली."

"मग काय म्हणायचं मी तिथे जाऊन?"

"पाळण्याचं काही म्हणायचं नाही. 'मी चुकीचं बोलले' एवढंच."

त्यांनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने भिंतीशीच बोलल्यासारखं विचारलं, "पुढे बसायला मिळतं का गाडीत?"

मी स्टँडवर जाऊन चौकशी करून आले. सकाळची गाडी साडेआठला आहे आणि आधी सांगितलं तर कंडक्टर पुढची जागा धरतो. सोमवारपासून आज शनिवार. वहीतल्या ओळीत वार घालायची जागा रिकामीच आहे: 'सासूबाईंना घेऊन आपटा.'